बॉडी अर्थ

खानापुरात, जांबोटीच्या वाटेला लागण्याआधी,
दस्तगीर मुल्लाच्या शेडखाली माझी ओम्नी उभी,
पुढची जाळी काढलेली,
वायरींचा गुंता माझ्या मांडीवर.
"धरा की ओ बाई, सोडू नका.
तांबडी म्हणजे केंपु, काळी म्हणजे करी,
एकमेकींना शिवल्या की दोन्ही मसणात."

खोक्यातले दिवे पांढरेशुभ्र होते. त्यानं परत पाठवले.
धुकं पांढरं, उजेड पांढरा,
दुधात दूध ओतून काय दिसणार?
पिवळे घ्या.
घेतले.
कणकुंबीच्या शाळेत साडेनवाला पोचायचं असतं मला,
आणि डिसेंबरात रस्ता जांबोटीपर्यंत असतो,
पुढे आहे असं धरून चालायचं.

जुनी वायरिंग उकलताना एक जोड निघाला.
टेप नव्हती त्यावर,
दवाखान्यातली चिकटपट्टी होती, कडांना काळी पडलेली.
"हे कुणाचं काम?"
दादांचं.
सरकारी दवाखान्यात कंपाउंडर, बत्तीस वर्षं.
घरात जे तुटेल, नळ, छत्री, माझं भूगोलाचं पुस्तक,
त्याला तीच पट्टी, तिरकी कापलेली.
दस्तगीर हसला नाही.
नखानं पट्टी सोलली. खाली तांबं
लख्ख, आत्ताच पिळल्यासारखं.
"पीळ उलटा आहे. माणूस डावखुरा होता?"
आहेत, म्हटलं. अजून आहेत.
फक्त रात्रीची गाडी सोडली.
मोतीबिंदू.
समोरच्या दिव्यांना दाढ्या फुटतात म्हणतात.

मग रिले. काड्यापेटीहून लहान काळी डबी.
बटणातून जाते ती नुसती वर्दी,
खरा करंट बॅटरीतून, जाड वायरीनं.
सगळं बटणावर टाकलं तर बटण जळतं,
हे दस्तगीर सांगत होता मला, बघत होता
समोर उभ्या जीपवाल्या साहेबाकडे.

इंडिकेटरही नवे घातले. ते लागले
आणि पिसाटासारखे फडफडायला लागले,
टकटकटकटक.
"फ्लॅशरला वाटतंय दिवा गेला.
हे नवं पोरगं खातच नाही काही.
खाणारं नाही म्हणजे घरात कोणी नाही, असा त्याचा हिशोब."
त्यानं बाजूला एक रेझिस्टर जोडला,
जो काही करत नाही, नुसता तापतो.
टक. टक. टक.
घरात कुणीतरी जेवायला बसलं.

उजवा पिवळा मात्र पेटेना.
गाडीखालून सिद्राय ओरडला, "अर्थ इल्ल री!"
मी मराठीची बाई. रोज फळ्यावर लिहिते, शब्दार्थ सांगा.
हसू आलं, मग आलं नाही.
दस्तगीरनं चासीवर रुपयाएवढी जागा
पॉलिश पेपरनं घासली, लोखंड उघडं पडेस्तोवर,
आणि काळी वायर बोल्टखाली दाबली.
अर्थाला रंग चालत नाही.

अंधार पडल्यावर दिव्यांचा कोन बसवला,
समोर सोसायटीच्या गोदामाच्या भिंतीवर.
तिथली पाटी कितीदा रंगवली कोण जाणे.
तिरका उजेड पडला तशी
नव्या अक्षरांखालची जुनी अक्षरं फुगून वर आली.
मी वाचायला वाकले,
तोवर स्क्रू फिरला होता, उजेड भिंतीच्या पायाशी उतरला.
"अजून खाली घेतो. समोरून येणाऱ्यालाही घरी जायचं असतं."

घरी दादा पायरीवर बसलेले.
मी दिवे लावले, त्यांचा डावा हात डोळ्यांवर गेला नाही.
उठले, चाचपत आले,
पिवळ्या काचेवर तळवा ठेवला.
"तापत नाही गं हे."
मागच्या बाजूला तापतं, दादा.
बराच वेळ हात तसाच.
"माझा जोड काढला काय त्यानं?"
नाही. वरून टेप मारली फक्त.
"मग चालेल," म्हणाले,
आणि आत जाताना
मला दिवे विझवायला सांगितले, बॅटरी उतरते म्हणून.